चौदा पाट

नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री आमच्या घरी एक काम ठरलेले असते. माळ्यावर चढायचे आणि पाट खाली काढायचे. उटणे, सुवासिक तेलाची वाटी, ओवाळायचे ताम्हन ही सारी सिद्धता आई करते. माळ्यावर चढण्याचा मान मात्र माझा. हे पाट माझ्या आजोबांनी करवून घेतलेले आहेत. सागवानी, चारही कोपऱ्यांना पितळी फुल्या, आणि संख्येने चौदा. चौदाच का, याला काही शास्त्राधार नाही. त्या वेळी घरात माणसे चौदा होती, एवढेच.

गेल्या दिवाळीत मी नेहमीप्रमाणे वर चढलो आणि एकेक करून पाच पाट खाली दिले. आई हात वर करून तशीच उभी राहिली.

“आणि?” ती म्हणाली.

“आणि काय? आपण पाच माणसं. झाले की पाच!”

आईने पदराच्या शेवाने पाट पुसायला घेतला. “चौदा पाटांची पंगत वाढलीय मी या घरात. आता पाचावर आलं. पुढं एकच काढायला लागंल बघ.”

थोरली मुलगी पुण्याला शिकते. सुटीला आली होती. ती म्हणाली, “आजी, पाटांचं काय घेऊन बसलीस? तिकडं जपानात घरंच्या घरं रिकामी पडलीत. नव्वद लाख!”

“का? त्यांच्या बायकांना पोरं नको झाली?”

“नको झाली नाहीत गं. परवडेनाशी झाली.”

आईने हातातला पाट भिंतीला टेकवून ठेवला आणि अगदी सहज विचारले, “आम्हाला काय परवडत होती?”

नात निरुत्तर झाली. मीही माळ्याच्या कडेला पाय सोडून बसून राहिलो. जी गरिबीत परवडली ती सुबत्तेत का परवडू नयेत? एका देशात पाळणे रिकामे आणि दुसऱ्यात पाळण्यांना जागा नाही, असे का व्हावे? आणि किती मुले असावीत हे ठरवायचे तरी कुणी? आईचा प्रश्न दिवाळीबरोबर सरला नाही. वर्षभर तो माझ्या मागे आहे.

मी लोकसंख्याशास्त्राचा पंडित नव्हे. मॅट्रिकपुढे माझी मजल गेली नाही. दोन-चार कादंबऱ्या लिहिल्या, त्यांतही आकडे नाहीत. पण शाळामास्तराला माणसे मोजण्याचे व्यसनच असते. सकाळी हजेरी, दुपारी खिचडीची ताटे, महिनाअखेर पटाचा तक्ता! सरकारलाही हे ठाऊक असावे. म्हणून माणसे मोजायची वेळ आली की ते आधी मास्तरांना हाक मारते.

२०११च्या फेब्रुवारीत मी असा प्रगणक होऊन फिरलो. त्या वेळी करवीर तालुक्यातल्या एका गावी मी शाळेवर होतो. काखेत भली मोठी पत्रके आणि मागे कुतूहलाने फिरणारी माझीच विद्यार्थीसेना, अशी आमची स्वारी घरोघर जाई. एका घराच्या सोप्यात एक म्हातारी शेंगा फोडीत बसली होती. नाव, वय, शिक्षण लिहून झाले आणि बायकांना विचारायचा प्रश्न आला.

“आजी, तुम्हाला एकंदर मुलं किती झाली?”

“नऊ. पाच ल्योक, चार लेकी.”

“आणि आज हयात किती?”

शेंगा फोडणारे हात थांबले. “चार.”

मी एका चौकटीत नऊ लिहिले, दुसरीत चार. ती माझ्या पेनाकडे पाहत होती. मग म्हणाली, “मास्तर, गेलेल्यांची नावं नगंत व्हय?”

पत्रकात तशी चौकट नव्हती. मी “नकोत” म्हणालो.

“मग ऱ्हाऊ दे. माझ्या ध्यानात हाईत.”

त्या दिवशी मला जे कळले ते पुढे वाचलेल्या कुठल्याही पुस्तकाने अधिक चांगले सांगितले नाही. बाहेरचा माणूस म्हणेल, काय हे, एका बाईला नऊ मुले! पण तिला नऊ हवी होती असे कुणी सांगितले? तिला म्हातारपणी जवळ असणारी चार हवी होती. चार हाती लागावीत म्हणून नऊ वेळा तिने जिवावरचे दुखणे सोसले होते.

आपल्या साऱ्या देशाची कहाणी हीच आहे. १९११ ते १९२१ या दहा वर्षांत हिंदुस्थानची लोकसंख्या वाढली नाही. उलट किंचित घटली. त्या काळी पाळणे काही थांबले नव्हते. पण पटकी होती, प्लेग होता, आणि १९१८च्या इन्फ्लुएंझाने तर घरेच्या घरे ओस पाडली. जन्म आणि मरण यांची तोंडमिळवणी होत होती. पुढे लस आली, नळाचे पाणी आले, दवाखाने आले. स्वातंत्र्य मिळाले त्या सुमारास जन्मणाऱ्या हजार मुलांपैकी दीडशेच्या आसपास मुले पहिला वाढदिवस पाहत नसत. आज हा आकडा पंचविशीच्या घरात आला आहे. १९५१ साली आपण ३६ कोटी होतो, २०११ साली १२१ कोटी झालो. लोक म्हणतात, आपण फार प्रजा वाढवली. खरे पाहता आपण पूर्वीइतके मरेनासे झालो.

मरण आधी मागे हटते, पाळणा मागाहून थांबतो. आपले मूल जगणार, हा विश्वास आईच्या मनात रुजायला एक पिढी जाते. त्या मधल्या पिढीत माणसांचा पूर येतो. हा पूर प्रत्येक देशाला आला. फक्त वेळा निरनिराळ्या. युरोपात तो आला तेव्हा तिथली कोट्यवधी माणसे बोटींत बसून अमेरिकेला गेली. आपल्याकडे आला तेव्हा जगाच्या वेशी बंद झाल्या होत्या; आपली माणसे मुंबईपर्यंतच जाऊ शकली.

मुंबईवरून आठवले. केवळ आकडा पाहणाराची कशी फसगत होते ते आमच्या शेजारीच दिसते. २००१ ते २०११ या दशकात कोल्हापूर जिल्ह्याची वस्ती दहा टक्क्यांनी वाढून ३८ लाख ७६ हजार झाली. आंबा घाट उतरला की रत्नागिरी जिल्हा लागतो. तिथली वस्ती त्याच दशकात जवळजवळ पाच टक्क्यांनी घटली. सिंधुदुर्गाचीही घटली. मग घाटाखाली मुले जन्मत नव्हती की काय? तसे नव्हे. ती मोठी होऊन ट्रंका घेऊन मुंबईच्या गाडीत बसत होती. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ बायका राहिल्या, यावरूनच काय ते समजावे. तेव्हा माणसे किती, हे विचारताना जन्मली किती, जगली किती आणि राहिली किती, हे तिन्ही विचारले पाहिजे.

हे सारे मी आमच्या शिक्षकांच्या खोलीत एकदा सांगत होतो. तिथे चहाबरोबर वाद फुकट मिळतो. आमचे एक सहकारी म्हणाले, “गुरुजी, तुमचं हे लस नि नळ राहू द्या. हा सगळा धर्माचा प्रश्न आहे.” हे वाक्य आपण सर्वांनी ऐकलेले आहे. मी फळ्यावर दोन आकडे लिहिले. १९५१ साली पाकिस्तानच्या पूर्व भागात ४ कोटी २० लाख माणसे होती, पश्चिम भागात साडेतीन कोटींहूनही कमी. धर्म एक, सरकारही एक. पुढे १९७१ साली पूर्वेचा बांगलादेश झाला. तेव्हा तिथल्या बाईला सरासरी सहांहून अधिक मुले होत. आज बांगलादेश १७ कोटींच्या आसपास आहे आणि पश्चिमेचा पाकिस्तान २०२३च्या गणनेत २४ कोटींच्या पुढे गेला. मागचा पुढे कसा गेला? बांगलादेशात गावातल्याच शिकलेल्या बायका घरोघर जाऊन बायकांशी बोलल्या; मुली शाळेत टिकाव्यात म्हणून १९९४ पासून त्यांना देशभर विद्यावेतन मिळाले; कपड्यांच्या कारखान्यांत लाखो पोरी कमावू लागल्या. आता तिथे बाईमागे दोन-अडीच मुले आहेत, पाकिस्तानात अजून तीनच्या वर. देव तोच, प्रार्थना तीच; फरक पडला तो मुलीच्या दप्तराने आणि तिच्या हातातल्या पगाराने.

आपल्या घरातही हेच दिसते. २०१९ ते २०२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे बिहारात बाईमागे ३ मुले, केरळात १.८, आपल्या महाराष्ट्रात १.७. राज्यघटना एकच, सणवारही बरेचसे तेच. पण केरळातल्या मुली पिढ्यान्‌पिढ्या शाळेत गेल्या. आमच्या कोल्हापुरात १९१७ साली शाहू महाराजांनी सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला, तेव्हा त्यांच्या मनात लोकसंख्या नसेल. पण पाटी हातात घेतलेली मुलगी पुढे आपल्या लग्नाच्या वयाबद्दल आणि आपल्या पोरांबद्दल काही मत बाळगू लागते, हे त्या पाटीचेच फळ.

आईच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथे मिळते. शेतावरचे पोर सातव्या वर्षी गुरांमागे जाई, दहाव्या वर्षी मोटेवर बसे. ते खाई कमी आणि देई जास्त. आजचे मूल पंचविशीपर्यंत घेतच असते, आणि आपण ते आनंदाने देतो. पूर्वी मूल ही मिळकत होती, आता तो खर्च झाला. त्यामुळे सुबत्ता वाढली की पोरे कमी होतात, यात नवल नाही.

पण उरलेले अर्धे उत्तर पैशाचे नाही, आणि माझा खरा प्रश्न तिथूनच सुरू होतो. ठरवायचे कुणी?

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. त्यापायी प्राध्यापकाची नोकरी गेली, ‘समाजस्वास्थ्य’ मासिकापायी कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. तिथे त्यांची बाजू मांडायला डॉ. आंबेडकर उभे राहिले. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने १९३८ साली संततिनियमनाचा ठराव मुंबईच्या विधिमंडळात आणला. तो फेटाळला गेला. या माणसांना देशाची डोकी मोजायची नव्हती. बाळंतपणांनी खंगलेल्या बाईला ‘आता पुरे’ म्हणता यावे, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

पुढे सरकारला त्यांचे म्हणणे पटले. १९५२ साली कुटुंबनियोजनाचा सरकारी कार्यक्रम हाती घेणारा भारत हा जगातला पहिला देश. पण पटता पटता त्यातली बाई गळाली आणि आकडा राहिला. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांवर नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या. उत्तरेकडच्या काही राज्यांत माझ्यासारख्या मास्तरांना ‘केसेस’ आणायचा हिस्सा ठरवून दिला होता. न आणल्यास पगार अडे. फळ्यावर बेरीज शिकवणाऱ्या माणसाने सायंकाळी आपल्याच विद्यार्थ्याच्या बापाला ओढून न्यायचे! आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळानेही १९७६ साली सक्तीचे विधेयक संमत केले होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, म्हणून ते कायदा झाले नाही. आपण मोठ्या पापातून थोडक्यात वाचलो, असे मला वाटते. चीन वाचला नाही. १९८० पासून २०१५ पर्यंत तिथे एका मुलाची सक्ती होती. पुढे दोनांची परवानगी आली, २०२१ साली तीनांची. आणि २०२२ पासून तिथली माणसे घटतच आहेत. पाळणा थांबवायला फौज लागली, पण हलवायला फौज कामाची नाही, हे त्या बलाढ्य सरकारला आता उमगले असेल.

इथपर्यंत लिहिताना माझी लेखणी सुखाने चालली. सरकार चुकले, चीन चुकला, हे लिहिणे सोपे असते. आता आमच्याकडे वळतो.

कोल्हापूर हा सुखी जिल्हा. उसाचा, दुधाचा, पंचगंगेच्या पाण्याचा. इथे सक्ती फारशी न होता दोन मुलांचे घर रूढ झाले. सहा वर्षांखालच्या मुलांची २००१ साली मोजदाद झाली, तेव्हा हजार मुलांमागे मुली निघाल्या ८३९. निसर्गाच्या हिशेबाने त्या साडेनऊशेच्या आसपास हव्यात. राज्यातल्या अगदी गरीब जिल्ह्यांपैकी एक जो गडचिरोली, तिथे त्या साडेनऊशेच्या वर होत्या. जिथे भाकरीची भ्रांत होती तिथे लेकी होत्या. जिथे दुधाच्या घागरी भरत होत्या तिथे त्या गर्भातच नाहीशा होत होत्या. गर्भाची परीक्षा रोखणारा कायदा देशात प्रथम महाराष्ट्राने केला, १९८८ साली. तरीही हे झाले. २००९ मध्ये जिल्हा प्रशासनाने सोनोग्राफी यंत्रांवर नजर ठेवणारी साधने बसवली, ओरड झाली, माणसे सावध झाली. २०११ साली आकडा ८६३ वर आला. सुधारणा खरी, पण अभिमान वाटावा असा तो आकडा नव्हे.

हे कुणी केले? राक्षसांनी नव्हे. २००९च्या आरंभीची गोष्ट. आम्हाला एक मुलगी होती आणि दुसऱ्या खेपेची चाहूल लागली होती. नात्यातले एक वडीलधारे गृहस्थ मला अंगणात बाजूला घेऊन म्हणाले, “ओळखीचा एक डॉक्टर आहे. एकदा बघून घे.” अगदी मायेने म्हणाले, गॅसची शेगडी कुठली घ्यावी हे सांगावे तसे. ‘छे’ म्हणण्याची ती वेळ होती. मी शिकवणारा माणूस, कथा-कादंबऱ्यांतून स्त्रियांचे दुःख मांडणारा. मी काय म्हणालो? मी म्हणालो, “बघू.”

सौ. दारात तांदूळ निवडीत होती. तिने ऐकले. रात्री ती एवढेच म्हणाली, “अहो, बघायचं काय त्यात? येईल ते आपलं.” धाकटी झाली. ते गृहस्थ बारशाला आले, चांदीचे वाळे घेऊन. तिला मांडीवर घेऊन बसले. ते दुष्ट नव्हते, मीही नव्हतो. पण ८३९ हा आकडा अशाच हजारो मवाळ ‘बघूं’नी बनलेला आहे. एका दुबळ्या शब्दाच्या आणि माझ्या धाकटीच्या मध्ये त्या रात्री फक्त तिची आई उभी होती.

आमच्या मागच्या खोलीत शिरोलीच्या फाउंड्रीत काम करणारे एक बिहारी कुटुंब भाड्याने राहते. तीन मुली आणि कडेवर मुलगा. आमच्या गल्लीतले लोक म्हणतात, “बघा, किती पोरं काढली!” मला मनात येते, यांना मुलगा हवा होता म्हणून आधी तीन मुली आल्या. आमच्याकडे मुलगा हवा होता म्हणून मुली आल्याच नाहीत. हव्यास तोच. त्यांच्याकडे यंत्र पोहोचले नव्हते, आमच्याकडे पोहोचले होते. कुटुंब लहान झाले म्हणजे मन मोठे झाले असे नाही, हे आम्ही कोल्हापूरकरांनी तरी विसरू नये.

याबाबत दक्षिण कोरियाचे उदाहरण मला धीर देते. १९९०च्या सुमाराला तिथे शंभर मुलींमागे ११६ मुलगे जन्मत, आमच्यासारखेच. पुढे मुली शिकल्या, कमावू लागल्या, म्हातारपणाची काठी म्हणजे मुलगाच, ही समजूत ढिली झाली. घराचे कर्तेपण पुरुषाकडे ठेवणारा जुना कायदाही २००८ साली संपला. पंधरा-सतरा वर्षांत तिथले प्रमाण पुन्हा निसर्गावर आले. म्हणजे हे दुखणे बरे होणारे आहे.

पण गंमत पाहा! त्याच कोरियात २०२३ साली बाईमागे मुले उरली ०.७२. एकही पुरे नाही! जपानात २०२४ साली सात लाखांहून कमी मुले जन्मली. नोंदी सुरू झाल्यापासून इतकी कमी कधीच नव्हती. बाईला शिकवले, कचेरीत नेले. पण घरातले काम तिच्या डोक्यावरून उतरवले नाही. कचेरीचे तास तेच, घरांची भाडी आभाळाला टेकलेली. तिने दोन्हींचा हिशेब केला आणि पाळण्यावर फुली मारली. सरकारे आता पैसे देऊ करतात. पण जी गोष्ट तिला एकटीला उचलावी लागते, तिची किंमत पैशाने भरून येत नाही.

आमच्याकडे हे आले नाही असे कुणी समजू नये. मी नोकरीला लागलो तेव्हा माझ्या वर्गात साठ पोरे होती; आज सतरा आहेत. त्यांतली आठ फाउंड्रीवाल्यांची, बिहार आणि उत्तर प्रदेशाकडची. ती नसती तर वर्गच राहिला नसता. गणपतीची आरती ती आमच्या पोरांपेक्षा खणखणीत म्हणतात.

गेल्या दिवाळीतल्या त्या रात्री जेवणे झाल्यावर थोरली माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, “बाबा, मला लग्न करायचं आहे. पण मूल हवंच असं मला वाटत नाही. आजीला सांगू नका.” माझ्या जिभेवर एक शब्द आला. तोच. ‘बघू.’ सोळा वर्षांनी पुन्हा! मी तो गिळला. पण त्याच्या जागी दुसरा शब्द मला चटकन सापडला नाही.

आता वर्षानंतर सापडतो आहे. १९७६ साली सरकारने बाईला ‘नको’ म्हणून दटावणे हे पाप असेल, तर आज बापाने मुलीला ‘हवे’ म्हणून दटावणे पुण्य कसे होईल? मूल हे राष्ट्राचे येणे नव्हे. पत्रकातली चौकट भरण्यासाठी कुणी जन्माला येत नाही. मात्र माझ्या मुलीला मी एक विचारीन: हा तुझा निर्णय आहे की तुझी धास्ती? नको वाटत असेल तर तुझे घर तुला लखलाभ. पण हवे असून घर, नोकरी, एकटेपणा यांच्या भीतीने नको म्हणत असशील, तर तो दोष तुझा नाही. तो आमचा, तुझ्या होणाऱ्या नवऱ्याचा आणि तुझ्या साहेबाचा आहे, आणि तो निवारणे हे आमचे काम आहे. देशादेशांतले इतके आकडे पाहून माझ्या हाती एवढेच आले. जिथे बाईला कुणी विचारले नाही, तिथे कुठे पोरे फार झाली, कुठे लेकी नाहीशा झाल्या. आणि जिथे विचारले पण हात दिला नाही, तिथे पाळणे रिकामे राहिले.

त्या रात्री झोपण्यापूर्वी मी आईलाही विचारले, “आई, किती मुलं हवीत, हे तुला कधी कुणी विचारलं होतं का?”

आई हसली. “विचारायची रीतच नव्हती रे.” मग थोडा वेळ गप्प राहून म्हणाली, “पण तुमच्यातल्या एकालासुद्धा मी नको म्हटलं नसतं.”

या दोन वाक्यांचा मेळ कसा घालावा, हे मला अजून कळलेले नाही. दोन्ही खरी आहेत, एवढे मात्र कळते.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी बंब पेटवून आत आलो, तर आई माळ्याच्या शिडीशी उभी. मागच्या खोलीतल्या तिन्ही पोरी, डोळे चोळीत, तिच्या पदराला धरून होत्या. धाकटा भाऊ तिच्या कडेवर होता.

“यांच्या आईला तेलाचं विचारून आले,” ती म्हणाली. “आणखी तीन काढ.”

मी वर चढलो आणि तीन पाट खाली दिले. माळ्यावर अजून सहा आहेत.